कॅमेऱ्याची लेन्स विकून दुर्बीण घेताना या चुका टाळा

सोलापुरात पक्षिछायाचित्रणाचा छंद लागायला फार दूर जावे लागत नाही. हिवाळ्यात हिप्परग्याच्या तलावावर पाणपक्षी उतरतात, नान्नजच्या माळावर धाविक पक्षी आणि काळविटांचे कळप दिसतात, आणि रोहित (फ्लेमिंगो) पाहायला उजनीच्या जलाशयावर एका दिवसात जाऊन येता येते. याच माळावर पहाटेच्या अंधारात पक्ष्यांची वाट पाहत बसलेलो असताना माझी नजर आकाशाकडे वळली आणि दुर्बिणीची ओढ लागली. हाही छंद खर्चिकच असल्याने १५०-६०० मिलिमीटरची मोठी लेन्स विकून पैसे उभे करायचे ठरवले. त्या व्यवहारात मी केलेल्या आणि नंतर इतरांनाही करताना पाहिलेल्या चुका येथे मांडत आहे.

सर्वांत मोठी चूक वेळेची असते. मे महिन्यात स्थलांतरित पक्षी परत गेलेले असतात आणि अशा लेन्सला गिऱ्हाईक क्वचितच मिळते. तरीही नव्या वस्तूच्या ओढीने आपण पडेल त्या किमतीला लेन्स देऊन टाकतो, आणि घेतलेली दुर्बीण पावसाळी ढगांमुळे सप्टेंबरपर्यंत खोक्यातच राहते. त्याऐवजी सप्टेंबरच्या मध्यापासून विक्रीला लागावे. पक्ष्यांचा हंगाम तोंडावर आल्याने विचारणा वाढते आणि आकाशही हळूहळू मोकळे होऊ लागते. मात्र दिवाळीच्या सवलती जाहीर झाल्या की नव्या लेन्सची किंमत उतरते आणि तिच्यामागे जुनीचीही उतरते, म्हणून व्यवहार त्याआधी उरकलेला बरा.

दुसरी चूक लेन्स न तपासता दाखवायला नेण्याची. पार्क चौकात भेटलेल्या ग्राहकाने माझ्या लेन्सची दोन्ही झाकणे काढली, मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका धरला आणि मला आत पाहायला सांगितले. काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, फाटे फुटलेले धागे स्पष्ट दिसत होते. ती बुरशी होती. व्यवहार तिथेच मोडला, आणि त्याचे बरोबरच होते. सोलापूरची हवा एरवी कोरडी असल्याने आपण निष्काळजी राहतो. पण दमट झालेली बॅग तशीच बंद करून पावसाळाभर कपाटात ठेवली, की अंधार, ओल आणि कोंडलेली हवा ही बुरशीला हवी असलेली तिन्ही कारणे एकत्र येतात. आत दिसणाऱ्या धुळीच्या सुट्या ठिपक्यांनी घाबरून जाऊ नये, छायाचित्रावर त्यांचा परिणाम जाणवत नाही. धागे दिसले तर मात्र लेन्स स्वतः न उघडता जाणत्या कारागिराकडून साफ करून घ्यावी आणि ग्राहकाला तसे आधीच सांगावे. ठेवताना हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राखावी. डब्यात शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवला की अंदाजावर विसंबावे लागत नाही.

किंमत ठरवताना आपण लेन्सला किती जपले हे ग्राहकाच्या हिशेबात येत नाही. २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी आरशाविना चालणाऱ्या (मिररलेस) कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसवण्याची जोडणी, आणले, तेव्हापासून जुन्या माउंटच्या लेन्सची मागणी ओसरत गेली आहे. त्यामुळे पावतीवरची रक्कम पुढे न करता तशीच लेन्स सध्या कितीला विकली जात आहे ते पाहावे. कॅमेराही विकायचा असेल तर शटर किती वेळा पडले ते सांगावे. निकॉनच्या छायाचित्राच्या मूळ फाइलमध्येच तो आकडा नोंदलेला असतो; कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत तो असा मिळत नाही आणि वेगळे सॉफ्टवेअर लागते. जाहिरातीचे फोटो खिडकीजवळच्या उजेडात, पांढऱ्या कापडावर काढावेत. आपल्या सोलापुरी चादरीच्या नक्षीवर काळी लेन्स आणि तिच्यावरचे ओरखडे, दोन्ही हरवतात. अनुक्रमांकाचे शेवटचे आकडे झाकावेत.

पैसे घेताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: यूपीआयवर पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. समोरचा स्वतःला लष्करी अधिकारी म्हणवत असेल आणि वस्तू न पाहताच आगाऊ रक्कम देऊ करत असेल, तर बोलणे तिथेच थांबवावे. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. पुण्याचा ग्राहक असेल तर मी कुरिअरच्या भानगडीत पडत नाही. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन, वस्तू समोरासमोर दाखवून, संध्याकाळी त्याच गाडीने परत येता येते. अनुक्रमांक, तारीख आणि रक्कम लिहून दोघांच्या सह्यांचा कागद करावा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. उत्साहाच्या भरात कॅमेरा, तिवई, साध्या लेन्स असे सगळेच विकले जाते आणि दोन महिन्यांत त्यातलेच अर्धे पुन्हा घ्यावे लागते. कॅमेरा, तिवई आणि ५० मिलिमीटरची लेन्स राखून ठेवावी. ५०० ला लेन्सच्या नाभीय अंतराने, म्हणजे तिच्यावरच्या मिलिमीटरच्या आकड्याने, भागले की तारे रेघांसारखे ओढले न जाता साधारण किती सेकंद शटर उघडे ठेवता येईल ते कळते. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरला १० सेकंद, लहान सेन्सरवर दृश्य अधिक जवळचे येत असल्याने सुमारे ७. दुर्बिणीतून छायाचित्रे काढायची म्हणून आठ इंची आरशाची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची दुर्बीण) घेणाऱ्यांनी हेही तपासावे की अशा अनेक दुर्बिणींत कॅमेरा जोडल्यावर फोकस मिळतच नाही, कारण त्या डोळ्याने पाहण्यासाठी बनवलेल्या असतात. तिची नळी सुमारे सव्वा मीटर लांब आणि एकूण वजन वीस किलोच्या वर असते. दुचाकीवरून ती नान्नजला नेता येत नाही, आणि तीन मजले चढवून गच्चीवर न्यायची असेल तर रोज नेणे होत नाही.

म्हणून लेन्स विकण्यापूर्वी निदान एक हिवाळा १०×५० च्या (दहापट मोठे दाखवणाऱ्या, ५० मिलिमीटर भिंगांच्या) द्विनेत्रीने, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी पाहायच्या छोट्या दुर्बिणीने, अमावस्येच्या आसपासच्या रात्री शहराबाहेर काढाव्यात. त्या रात्रींतही ओढ टिकली, तर लेन्सची जाहिरात पुढच्या सप्टेंबरात द्यावी, आणि आलेल्या रकमेतून नेत्रिका (डोळा लावायचे भिंग), दुर्बिणीतले आरसे जुळवण्याचे साधन आणि अंधाराला सरावलेले डोळे न दिपवणारा लाल दिवा यांचे पैसे आधी बाजूला काढून उरलेल्यातच दुर्बीण बसवावी.