दुकानात ‘होम’ विंडोज वापरताय? या चुका टाळा

सांगलीच्या गणपती पेठेतली पेढी असो, मार्केट यार्डातलं हळदीचं अडत दुकान असो की कुपवाड एमआयडीसीतला छोटा कारखाना, नवा लॅपटॉप आला की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “यात होम विंडोज आलंय. धंद्यात चालतंय का?”

चालतं. विंडोज होमच्या करारात धंद्यासाठी वापरू नका अशी अट नाही. आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ येतं, त्याचंही तेच. त्यामुळे “होम बेकायदा आहे, प्रो (विंडोजची वरची, महाग आवृत्ती) घ्यावंच लागेल” असं सांगून कुणी बिल वाढवत असेल, तर थोडं थांबा. प्रो घ्यायची खरी कारणं वेगळी आहेत, आणि खऱ्या चुकाही दुसरीकडेच होतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक मायक्रोसॉफ्ट ऑफिसची. विंडोज होम धंद्यात चालतं म्हणून शेजारचं ‘होम’ही चालत असेल, असं लोक धरून चालतात. ऑफिस २०१९ चं ‘होम अँड स्टुडंट’ घरगुती वापरासाठी होतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या पर्सनल आणि फॅमिली या योजनाही वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरासाठीच आहेत. पोराच्या अभ्यासासाठी घेतलेल्या फॅमिली प्लॅनवर दुकानाची कोटेशनं काढणं म्हणजे करार मोडणं. धंद्याला ‘होम अँड बिझनेस’ किंवा ३६५ च्या बिझनेस योजना आहेत. नुसती पत्रं आणि साधे तक्ते करायचे असतील तर लिबरऑफिस घ्या, ते धंद्यातही मोफत आहे. लांबून दुसरा पीसी चालवायच्या टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्कच्या मोफत आवृत्त्याही फक्त खासगी वापरासाठी आहेत. टीमव्ह्यूअर पाच-पाच मिनिटांनी तुटतंय अशी तक्रार येते, तेव्हा नेट तपासण्याआधी हे तपासा. धंद्याचा वापर ओळखला की ते स्वतःच जोडणी तोडतं.

टॅली एका पीसीवर, माणसं पाच

एका पीसीवरचं टॅलीच्या (हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या) डेटाचं फोल्डर शेअर करून बाकीच्या पीसींवरून उघडायला विंडोजची आडकाठी नाही. होम असो वा प्रो, फाईल आणि प्रिंटर शेअरिंगसाठी वीसपर्यंत दुसरी उपकरणं जोडायला करार परवानगी देतो. टॅलीचं मल्टियूजर लायसन्स मात्र वेगळं लागतं.

घोळ होतो तो रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे लांबून दुसऱ्या पीसीवर काम करायच्या विंडोजच्या सोयीवर. होमवरून दुसऱ्या पीसीत जाता येतं, पण बाहेरून होमच्या पीसीत येता येत नाही. मग कुणीतरी इंटरनेटवरून एक पॅच (विंडोजचं हे बंधन चुकवणारा जुगाड) आणून टाकतो आणि दिवाणजी घरून एन्ट्री करू लागतात. पुढे दोघं, तिघं एकाच वेळी आत येतात. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टचे अपडेट निघतात. बुधवारी सकाळी ऐन सौद्याच्या वेळी कुणालाच आत जाता येत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं: अपडेटनं मूळ फाईल बदलली आणि पॅच निकामी झाला. अपडेट बंद करून ठेवणं हा त्यावरचा इलाज नव्हे. त्यानं तर पीसी उघडा पडतो.

एका माणसाला बाहेरून काम करायचं असेल तर त्या पीसीला प्रो घ्या. पण प्रोवरही एका वेळी एकच जण बसू शकतो, हे आधी मालकांना सांगा. पाच जणांना एकाच वेळी आत यायचं असेल तर विंडोज सर्व्हर, माणसागणिक कॅल (सर्व्हर वापरायचा परवाना) आणि रिमोट डेस्कटॉपचे वेगळे कॅल एवढं सगळं लागतं. हा खर्च मोठा आहे. म्हणून छोट्या पेढीला मी आधी टॅलीतच काही सोय होते का ते बघायला सांगतो.

होमवरून प्रोला जाताना फॉरमॅट मारू नका. सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन इथं जाऊन प्रोची की (लायसन्सचा क्रमांक) टाकली की डेटा जागेवर राहून आवृत्ती बदलते. पेनड्राइव्हवरून थेट प्रो टाकलं तर ते आपोआप ॲक्टिव्हेट होत नाही, कारण लॅपटॉपच्या बायोसमधली (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममधली) की होमची असते.

लॅपटॉप दुकानाचा, अकाउंट पोराचं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही आहे. विंडोज ११ होम पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागतं. दुकानातला पोरगा स्वतःचा जीमेल टाकून मोकळा होतो. होमवर डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची पूर्ण सोय नसली तरी ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ असतं. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ते आपोआप सुरू होतं आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की त्याच अकाउंटमध्ये जमा होते. दोन वर्षांनी पोरगा पुण्याला नोकरीला जातो, बायोसचा अपडेट येतो, निळा पडदा की मागतो. की नसेल तर त्या डिस्कवरचा डेटा कुणालाच काढता येत नाही. तज्ज्ञालाही नाही.

म्हणून आजच पेढीच्या नावाचा ईमेल काढा, त्यावर मायक्रोसॉफ्ट अकाउंट उघडा आणि लॅपटॉप त्याला जोडा. रिकव्हरी की कागदावर छापून बिलांच्या फायलीत लावा.

स्वस्त की आणि पुराचं पाणी

ऑनलाइन काहीशे रुपयांत प्रोची की मिळते. त्यातल्या बऱ्याच कुठल्यातरी मोठ्या संस्थेच्या व्हॉल्यूम (एकगठ्ठा लायसन्सच्या) करारातल्या असतात. आपल्याकडे नेमकं काय आहे ते बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर, मग एक स्पेस, तिरकी रेघ आणि डीएलआय टाईप करा (slmgr /dli). चौकटीत ओईएम (मशिनबरोबर आलेलं), रिटेल (सुटं विकत घेतलेलं) किंवा व्हॉल्यूम लिहून येईल. चार पीसींच्या दुकानात ‘व्हॉल्यूम केएमएस’, म्हणजे मोठ्या संस्थेच्या सर्व्हरवरून होणारं ॲक्टिव्हेशन, दिसलं तर ते क्रॅक (चोरीची प्रत) समजा. केएमएसचं ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं, म्हणूनच “सहा महिन्यांनी परत वॉटरमार्क (पडद्यावरची ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ ही ओळ) आला” अशी तक्रार येते. एरर कोडच्या शेवटी ‘एफ०७४’ असेल तर पीसी केएमएस सर्व्हर शोधतोय आणि त्याला तो सापडत नाही. ‘सी००३’ असेल तर की ब्लॉक झाली आहे.

ओईएम आणि रिटेल यातला फरक सांगलीकरांना जास्त जाणवायला हवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कितीतरी दुकानांतले पीसी कृष्णेच्या पाण्यात गेले. ओईएम लायसन्स पहिल्या मशिनशी बांधलेलं असतं. मशिन गेलं की तेही गेलं. रिटेल मात्र नव्या पीसीवर हलवता येतं. तेव्हा असेंबल्ड पीसी घेताना थोडे जास्त पैसे मोजून रिटेलच घ्या. बिल पेढीच्या नावानं आणि जीएसटी नंबर टाकून घ्या, म्हणजे १८ टक्क्यांचं क्रेडिटही मिळेल.

क्रॅकच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब प्रमाणे बेकायदा प्रत आहे हे माहीत असून वापरली, तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतरच्या सुरक्षा अपडेटची घरगुती योजना डोमेनला (कंपनीच्या मध्यवर्ती सर्व्हरला) जोडलेल्या पीसीला मिळत नाही. कंपन्यांसाठीची योजना पहिल्या वर्षी प्रति पीसी ६१ डॉलर आहे आणि दरवर्षी दुप्पट होते. जुना पीसी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसल्यानं विंडोज ११ घेत नसेल तर त्याच्यावर तेवढे डॉलर घालू नका. ती रक्कम नव्या मशिनकडे वळवा, आणि त्यावर पहिलं लॉगिन पेढीच्या अकाउंटनं करा.