सरकारी शाळेचा निकाल वाचायचा कसा

पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत टेबलावर एक कागद येतो. इयत्ता, पट, उत्तीर्ण, टक्के. मग मागच्या बाकावरून कोणी तरी विचारतंच, "टीचर, अवंदा रिझल्ट उणो कित्याक?" म्हणजे यंदा निकाल कमी का? गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या सरकारी मिडल स्कूलांत मी पाचवी ते आठवीला गणित शिकवलं, शेवटी मुख्याध्यापकाची खुर्चीही सांभाळली. या कागदाने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय, म्हणून नव्या शिक्षकांसाठी आणि संघावरच्या पालकांसाठी हे लिहिते.

आधी टक्क्यांच्या रकान्यावर हात ठेवा. आपले वर्ग लहान. १६ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे सव्वासहा टक्के. परीक्षेच्या आठवड्यात एकाला कांजिण्या आल्या की "निकाल घसरला". १६ पैकी १४ असंच लिहा, असंच बोला.

मग कपाटातून जनरल रजिस्टर काढा. युडायसवरचे (शाळांची माहिती भरायच्या सरकारी नोंदणीतले) आकडे ३० सप्टेंबर ही तारीख धरून भरलेले असतात. ऑक्टोबरात ठेकेदाराबरोबर वेर्ण्याला गेलेलं कुटुंब त्यात दिसतं, जानेवारीत होंड्याच्या वसाहतीत कामाला आलेलं दिसत नाही. एक लांब वही घ्या आणि एका ओळीत एक मूल लिहा: या शाळेत कधी आलं, चौथीपर्यंत कोणत्या माध्यमात शिकलं, घरी काय बोलतात, दर महिन्याची हजेरी, गेल्या वर्षीचे गुण, यंदाचे गुण. एक दुपार जाते, पण त्या दुपारीच अर्धी उत्तरं मिळतात.

"घरी काय बोलतात" हे मुलालाच विचारा, रजिस्टरवर विसंबू नका. आमच्याकडे कर्नाटकातून आलेल्या मुलांपुढे सरसकट "कन्नड" लिहिलेलं होतं. त्यातली निम्मी घरी लमाणी बोलायची. गावच्या मुलांपुढे कोकणी की मराठी, हे बहुधा फॉर्म भरणाऱ्यावर ठरतं; तो वाद माझ्या पेन्शनलाही पुरून उरेल. जातीचा रकानाही तसाच. लमाणी कर्नाटकात अनुसूचित जातीत, इथे दाखला नाही म्हणून आमच्या कारकुनाने त्यांना सर्वसाधारणमध्ये बसवलेलं. गावडा, कुणबी, वेळीप २००३ पासून अनुसूचित जमातीत आहेत, म्हणून जुने आकडे नव्यांशी ताडताना जपून.

आता माझी चूक. एका वर्षी सातवीचा निकाल पडला. मी हौसेने तक्त्यावर दोन रंगांचे खांब काढले, गावची मुलं निळी, भायली तांबडी, आणि भर बैठकीत सांगितलं की बाहेरची मुलं वाढल्याने निकाल खाली आला. दाराशी एक गवंडी उभा होता, पॅंटवर सिमेंट तसंच. त्याची मुलगी त्याच वर्गात गणितात पहिली होती. तो काही बोलला नाही, निघून गेला. रात्री मी तीच नावं दाखल तारखेप्रमाणे पुन्हा मांडली. पहिलीपासून गोव्यात शिकलेली मुलं, आईबाप कर्नाटकातल्या गदगचे असोत की इथल्या मयेचे, सारखीच होती. मागे पडलेली होती ती वर्षाच्या मधेच आलेली, आणि त्यात एक पेडण्याहून आलेला गोंयकार, म्हणजे गोव्याचाच, मुलगाही होता.

म्हणून जुनी मुलं वेगळी मोजा, नवी वेगळी. हिशेब सोपा आहे. समजा १७ जुन्या मुलांची सरासरी ६२ आहे आणि ३ नवी मुलं आली, त्यांची सरासरी २८. सगळ्यांची मिळून होते ५६.९. जुन्यांपैकी एकाचाही गुण कमी झालेला नाही, तरी कागदावर शाळा पाच गुणांनी घसरली. सरासरीपेक्षा मधला आकडा बरा: गुण चढत्या क्रमाने लावा आणि २० मुलांत दहाव्या-अकराव्याच्या मधला घ्या.

तुलना करताना यंदाची सातवी गेल्या वर्षीच्या सातवीशी लावू नका. ती वेगळी पोरं. यंदाची सातवी गेल्या वर्षीच्या सहावीशी लावा. पाचवीची गोष्ट मात्र निराळी. चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकलेलं मूल पाचवीत एकदम इंग्रजीत गणित वाचतं, गुण पडणारच. इथे उत्तरपत्रिकाच उघडा. माझ्या एका मुलाने "हाऊ मेनी फ्यूअर" (किती कमी) अशा गणितात ४५ आणि १८ यांची बेरीज केली होती. तेच मी कोकणीत वाचून दाखवलं, तर पेन्सिल न उचलता २७ म्हणाला. मामाच्या कलिंगडाच्या गाड्यावर बसायचा तो. वजाबाकी त्याला मी काय शिकवणार! वहीत अशा चुकांपुढे "भाषा" आणि खऱ्या चुकांपुढे "गणित" लिहा. माझ्या वर्गात "भाषा"च जास्त निघायची.

पट कशाने बदलतो तेही पाहा. अनुदानित शाळांना बालरथ, म्हणजे मुलांना ने-आण करणाऱ्या बस, मिळाले आणि ज्यांना परवडतं त्या घरची मुलं दारातून बसून जाऊ लागली. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या भागातली कुटुंबंच हलली. यात वर्गातल्या शिकवण्याचा संबंध नाही, पण निकालावर सावली पडतेच.

बैठकीत दर वर्गाचे दोनच आकडे सांगा: जुन्या मुलांचा मधला गुण, आणि वर्षभरात आलेल्या-गेलेल्यांची संख्या. पाचापेक्षा लहान गटाचे गुण फळ्यावर नकोत. सातवीत अनुसूचित जमातीची दोनच मुलं असली, तर त्यांची सरासरी वाचणं म्हणजे नाव घेऊन गुण वाचणं.

आणि एखादं मूल आठवडाभर दिसलं नाही, तर नाव कमी करण्याआधी घरी फोन लावा. दुसऱ्या शाळेने आपल्याकडे ओढून घेतलं नाही तर त्याचं नाव युडायसच्या ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे कोणत्याच शाळेत नसलेल्या मुलांच्या यादीत, पडून राहतं, आणि शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसतं. फोन संध्याकाळी सातनंतर लावा. त्याआधी बाप साइटवर असतो.