मुलांचा समर जॉब आणि पहिला डब्ल्यू-टू (वर्षभराच्या पगाराचा दाखला)

न्यू जर्सीत मे महिना उजाडला की आपल्या मंडळींत एकच विषय असतो. कुणाचा मुलगा स्विमिंग पूलवर लाइफगार्ड, कुणाची मुलगी आइस्क्रीमच्या दुकानात. नवीन आलेल्यांना मी आधी विचारते, मूल कुठल्या व्हिसावर आहे? एच-फोरवर (आईवडिलांच्या एच-वनबी वर्क व्हिसामुळे मुलांना मिळणारा व्हिसा) असेल तर नोकरी नाही, पैसे घेऊन बेबीसिटिंगसुद्धा नाही. रुसतात पोरं, रुसू द्या. ग्रीन कार्ड, नागरिकत्व किंवा स्वतःचं वर्क परमिट असेल तरच पुढचं वाचा.

कामाच्या पहिल्या दिवशी डब्ल्यू-फोर, म्हणजे पगारातून किती टॅक्स कापायचा ते सांगणारा फॉर्म, हातात येतो आणि पोर न वाचता सही ठोकून मोकळं होतं. तो फॉर्म तुम्ही शेजारी बसून भरा. गेल्या वर्षी टॅक्स लागला नव्हता आणि यंदाही लागणार नसेल, तर ‘एक्झेम्प्ट’ लिहिता येतं आणि पगारातून फेडरल टॅक्स कापला जात नाही. सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे (सरकारी पेन्शन आणि म्हातारपणीच्या आरोग्यविम्याचे) 7.65 टक्के मात्र जातातच, त्यांचा रिफंड नसतो.

मुलाचा पगार तुमच्या रिटर्नमध्ये दाखवायचा नसतो. त्याचं रिटर्न वेगळं, सहीसुद्धा त्याचीच. 2025 सालासाठी नुसता पगार 15,750 डॉलरपर्यंत असेल तर फेडरल रिटर्न सक्तीचं नाही. पण टॅक्स कापला गेला असेल तर भराच, नाहीतर ते पैसे सरकारजमा.

इथे आम्ही एकदा आपटलो. लेकाने मोठ्या हौसेने स्वतःच ऑनलाइन रिटर्न भरलं आणि ‘मला कुणीतरी डिपेंडंट (स्वतःवर अवलंबून) दाखवू शकतं’ या चौकटीत खूण केली नाही. त्याला रिफंड आला, आणि आम्ही त्याला डिपेंडंट दाखवलेलं आमचं रिटर्न ई-फाइल करताच रिजेक्ट! मग त्याच्या रिटर्नची 1040-एक्स फॉर्म भरून दुरुस्ती, चार महिने डोक्याला ताप. चूक त्याची कसली, मी बघितलं नव्हतं. तेव्हापासून आमच्या घरी सगळ्यांची रिटर्न्स एकाच रविवारी, एकाच टेबलावर.

‘कमावतो म्हणजे डिपेंडंट राहिला नाही का?’ हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. शाळेत जाणारं मूल तुमच्याच घरी राहत असेल आणि स्वतःच्या खर्चाचा निम्म्याहून जास्त भार स्वतः उचलत नसेल, तर ते तुमचंच डिपेंडंट. पोराच्या उन्हाळ्याच्या पगारात इथला निम्मा खर्च निघाला असता तर आपण एव्हाना रिटायर झालो असतो.

शिकवण्या घेणाऱ्या किंवा लॉन कापणाऱ्या मुलांचं गणित वेगळं. तो स्वतःचा धंदा धरला जातो आणि खर्च वजा जाता 400 डॉलर झाले की रिटर्न भरावंच लागतं.

आता आपल्याकडची खास गोष्ट, आजोबांनी नातवाच्या नावाने पुण्यात ठेवलेली एफडी. ग्रीन कार्डवाल्या किंवा नागरिक मुलाचं भारतातलं व्याजही इथे मोजलं जातं. पगार 3,000 डॉलर आणि व्याज 500 डॉलर, एवढ्यावरही रिटर्न सक्तीचं होतं, कारण अशा वेळी सूट पगार अधिक 450 इतकीच. मुलाच्या नावावरच्या परदेशी खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी 10,000 डॉलरवर गेली, तरी त्याच्या नावाने एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, वेगळा. भारतातलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, इथलं जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे आजोबांकडून व्याजाचा आकडा मागताना महिनावार मागा.