मोखाड्यातली पहिली नोकरी आणि रजिस्टरातलं 'स्थ.'

एमएसडब्ल्यू (समाजकार्य) किंवा एमपीएच (सार्वजनिक आरोग्य) करून आरोग्याच्या फील्डमध्ये येणारे बरेच जण विचारतात की एक्सेल किती यायला पाहिजे, सॉफ्टवेअर कुठलं शिकू वगैरे. एक्सेल येईल हो, पिव्होट टेबल जमलं की निम्मं काम भागतं. बाकीचं निम्मं कुठल्याच सिलॅबसमध्ये नाहीये म्हणून लिहितेय.

माझी पहिली नोकरी मोखाड्यात, कुपोषणावर काम करणाऱ्या एका संस्थेत. मोखाडा पालघर जिल्ह्यात येतो, २०१४ च्या आधी ठाण्यात होता. नवीन माणसाला खाज असते ना सर्व्हेची, तशी मलाही होती, चार पानांचा फॉर्म बनवला आणि आशांच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या, मीटिंगमध्ये हौसेने दाखवला. एक आशाताई शांतपणे म्हणाली, "मॅडम, हे सगळं आमच्याकडं लिहिलेलंच आहे, वाचत कोणी नाही." फॉर्म परत बॅगेत.

तर पहिलं काम म्हणजे आधीच लिहिलेलं वाचा. आशाची डायरी, अंगणवाडी सेविकेचं वजनाचं रजिस्टर (२०२१ पासून पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर पण भरतात), उपकेंद्राच्या सिस्टरकडची गरोदर मातांची आणि लसीकरणाची नोंद, ग्रामपंचायतीतली जन्म-मृत्यू नोंद, शाळेची हजेरी. एका पाड्याच्या या सगळ्या याद्या एका टेबलावर ठेवून नावं जुळवायला बसा, डोकं उठेल, कारण पोराचं घरचं नाव वेगळं, अंगणवाडीतलं वेगळं आणि सिस्टरकडे नुसतं आईचं नाव. पण जी नावं जुळत नाहीत ना, खरी गोष्ट तिथेच असते. जिल्ह्याच्या आकड्यात ती दिसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९-२१ ची, ती पालघर जिल्ह्याचा एक आकडा देते, आणि या जिल्ह्यात वसई-विरारचे टॉवर पण येतात आणि मोखाड्याचे पाडे पण. त्या सरासरीचं आम्ही काय करणार?

आता माझी फजिती. डिसेंबर-जानेवारीत आमच्या गावांमधली सॅमची, म्हणजे तीव्र कुपोषित मुलांची टक्केवारी छान खाली आली. मी खुश, तालुक्याच्या मीटिंगला चार्ट लावला, खाली जाणारी हिरवी रेघ. मागे बसलेली सेविका शेजारणीला म्हणाली, "पोरंच नाहीत गावात, कुपोषण येणार कुठून." जरा मोठ्यानेच म्हणाली. रजिस्टर परत उघडलं तर कितीतरी नावांपुढे 'स्थ.' लिहिलेलं, स्थलांतरित. दिवाळी झाली की घरंच्या घरं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, उचल आधीच घेतलेली असते, होळीला येतात, काही तर थेट पावसाच्या तोंडावर. आणि जाणाऱ्यांत सगळ्यात जास्त कातकरी वस्तीवरचे, ज्यांची मुलं आधीच सगळ्यात अशक्त. म्हणजे वजन होत होतं ते मागे राहिलेल्या, त्यातल्या त्यात बऱ्या घरांतल्या मुलांचं, आणि मी त्याला सुधारणा म्हणत होते.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधीच सेविका, आशा आणि ग्रामपंचायतीचे दोन सदस्य मिळून यादी केली, कोण जाणार, कुठल्या भट्टीवर, गरोदर बाई कितव्या महिन्यात, कुठल्या बाळाचा कुठला डोस राहिलाय. ती भट्टीजवळच्या सेविकेला फोनवर दिली. ऐकायला सोपं वाटतं पण महिनाभर गेला, कारण सेविका महिला व बालविकासची, सिस्टर आणि आशा आरोग्य खात्याच्या, साहेब वेगळे, पोर्टल वेगळं, आणि तिकडच्या सेविकेचा प्रश्न पण रास्त होता की हे मूल माझ्या आकड्यात धरायचं की त्यांच्या? पार्टनरशिप म्हणजे करारावर सह्या आणि फोटो असं मला वाटायचं, निघालं असं की दोन सेविकांकडे एकमेकींचा नंबर असणं. भट्टीवर जाताना पण तपासणीला आल्यासारखं जाऊ नका, मालक गेटवरूनच परत पाठवतो, संध्याकाळी काम सुटल्यावर सिस्टरला घेऊन जा.

याच्याहून मोठी चूक म्हणजे एकदा ग्रामसभेत मी लाल श्रेणीतल्या, म्हणजे तीव्र कुपोषित मुलांची नावं वाचून दाखवली. एक आई नंतर कितीतरी आठवडे अंगणवाडीत फिरकली नाही. गावाला आकडा सांगा, नाव फक्त घरी जाऊन. आशांनाही आकड्यांची भीती असते, बाळाचा मृत्यू नोंदवला की नोटीस येईल म्हणून, तेव्हा पहिल्या भेटीत "का झालं" नका विचारू, "काय मिळालं असतं तर वाचलं असतं" असं विचारा, मग बोलतात.

पाड्याच्या पातळीवर टक्केवारी पण जपून. समजा वर्षात १५ बाळं जन्मली आणि एक गेलं, तर बालमृत्यू दर हजारी ६७ येतो, पुढच्या वर्षी शून्य. दोन्ही आकड्यांना अर्थ नाही. त्या एका बाळाची हकीकत नीट लिहा, किती वाजता ताप आला, गाडी कधी आली, सगळं.

हे काही नवीन नाही म्हणा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने आधी जन्म-मृत्यू नीट मोजले, मग गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आशा आज बाळाच्या घरी ज्या भेटी देते (२०११ पासून देशभर) त्यांचं मूळ तिथे आहे. आणि २००७ पासून महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत, त्यात तेव्हाचं ठाणे पण, लोकाधारित देखरेख सुरू झाली, गावकरीच दवाखान्याला मार्क देणार आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडणार. अशा एका तरी जनसुनवाईला मागे बसून या, ट्रेनिंगच्या चार दिवसांपेक्षा जास्त कळेल.

कुपोषण ओळखायला मुलाच्या दंडाचा घेर मोजतात, तो मोजायला स्वतः शिका, डावा हात, खांदा आणि कोपराच्या बरोबर मध्ये, पट्टी आवळायची नाही, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली म्हणजे लाल. सेविकेसमोर चुकलात तरी चालेल, तीच शिकवते. आणि जॉईन होणार असाल तर सप्टेंबरपर्यंत व्हा, माझ्यासारखं नोव्हेंबर-डिसेंबरात गेलात तर गाव अर्धं रिकामं असतं आणि तुम्हाला वाटतं ते तेवढंच आहे.