कुत्र्यामांजराच्या मेंदूचा एमआरआय: कधी करायचा, तयारी काय, रिपोर्टमध्ये काय बघायचं

कुत्र्याला फिट आली की घरचे हादरतात आणि लगेच एमआरआय करूया म्हणतात, पण आधी वय बघा. पहिली फिट 6 महिने ते 6 वर्षं या वयात आली, मधल्या काळात तो एकदम नॉर्मल आहे आणि रक्ताचे रिपोर्ट ठीक आहेत, तर बहुतेक वेळा ती इडिओपॅथिक एपिलेप्सी, म्हणजे मेंदूत दिसणारं कारण न सापडणारी फिट, असते आणि त्यात स्कॅन नॉर्मलच येतो. भूल देऊन एवढा खर्च करून हातात फार काही लागत नाही.

मग कधी करायचाच? पहिली फिट 6 महिन्यांच्या आत किंवा 6 वर्षांनंतर आली, एका दिवसात दोन-तीन आल्या, औषध पूर्ण डोसमध्ये देऊनही थांबत नाहीत, किंवा फिट नसतानाही काहीतरी बिघडलेलं दिसतंय. म्हणजे एकाच बाजूला गोल गोल फिरतोय, भिंतीला डोकं टेकवून उभा राहतोय, ताटलीतलं एका बाजूचंच खातोय आणि दुसरी बाजू तशीच सोडतोय. हे सगळं मोबाईलवर शूट करून व्हेटला दाखवा, मेंदूचा कुठला भाग बिघडलाय हे व्हिडिओवरून खूप कळतं. मांजराचं वय जास्त असेल आणि स्वभाव बदलला, दिसेनासं झालं तर फार थांबू नका, कारण म्हाताऱ्या मांजरांत मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ, कॉमन आहे आणि ऑपरेशनने बरेचदा नीट निघतो. आणि फिट 5 मिनिटांवर गेली तर एमआरआयबिमआरआय नंतर, आधी हॉस्पिटल गाठा.

स्कॅनच्या आधी रक्त तपासून घ्याच. शुगर, कॅल्शियम, लिव्हर, किडनी आणि आपल्याकडे गोचीड इतके असतात की प्लेटलेट्ससुद्धा. शुगर खाली गेल्यामुळे फिट येत असेल तर उत्तर रक्तातच मिळतं. उपाशी किती वेळ ठेवायचं ते व्हेटला विचारा, पण फिटचं औषध स्वतःहून चुकवू नका. मायक्रोचिप असेल तर आधी सांगा, त्याने स्कॅन अडत नाही, फक्त मानेजवळचं चित्र खराब येतं. माणसांच्या सेंटरवर करणार असाल तर भूल देणारा व्हेट सोबत असणार का आणि मॉनिटर एमआरआयच्या खोलीत चालणारा आहे का, हे दोन प्रश्न विचाराच, साधा मॉनिटर त्या मॅग्नेटजवळ नेता येत नाही.

एमआरआयमध्ये वेगवेगळ्या प्रकारची चित्रं काढतात: टी1, टी2, फ्लेअर, रक्तस्राव शोधणारा टी2-स्टार आणि शेवटी गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्टचं औषध) देऊन परत टी1, एवढं व्हायला हवं. पैसे वाचवायला कॉन्ट्रास्ट गाळू नका, काही गाठी त्याशिवाय नीट दिसतच नाहीत.

रिपोर्ट आला की तीन गोष्टी शोधा: डाग कुठे आहे, किती आहेत, कॉन्ट्रास्ट कसा घेतलाय. मेंदूच्या बाहेरून, आवरणाला चिकटून आणि सगळीकडे सारखा चमकतोय तर मेनिंजिओमाकडे कल जातो. मेंदूच्या आत आहे, कडेने कडं चमकतंय आणि कुत्रा बॉक्सर किंवा फ्रेंच बुलडॉग आहे तर ग्लायोमाचा, म्हणजे मेंदूच्या आतल्या पेशींपासून होणाऱ्या गाठीचा, संशय. पग, माल्टीज, चिहुआहुआमध्ये ठिकठिकाणी डाग दिसले तर मेंदूला सूज, म्हणजे एन्सेफलायटिस, आणि मग मेंदू-मणक्याभोवतीच्या पाण्याची (सीएसएफ) टेस्ट लागते. ती एमआरआय बघूनच करायची, आधी नाही, कारण डोक्यात प्रेशर वाढलेलं असताना पाणी काढलं तर मेंदू खाली सरकून जीव जाऊ शकतो. तरुण मांजरात मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगल्यात आणि त्यांचं अस्तर चमकतंय तर एफआयपीचा (मांजरांच्या कोरोनाव्हायरसमुळे होणारा आजार) विचार होतोच.

पण हे सगळे अंदाज, पक्कं निदान गाठीचा तुकडा तपासल्यावरच. नुकत्याच जोरात फिट्स येऊन गेल्या असतील तर टी2 आणि फ्लेअरवर फिटमुळेच डाग दिसू शकतो, जो पुढे आपोआप जातो. तेव्हा शेवटची फिट कधी आली ते रेडिओलॉजिस्टला लिहून द्या, शंका राहिली तर काही आठवड्यांनी परत स्कॅन करतात. आणि फिल्मवर समाधान मानू नका, डायकॉम फाईल्सची (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाईल्स) सीडी किंवा लिंक मागून घ्या म्हणजे दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टला दाखवता येतं.