अमली पदार्थांच्या गुन्ह्यांची देशोदेशी तुलना करताय? या चुका टाळा

अमली पदार्थांच्या एकूण गुन्ह्यांत 'बाळगण्या'चे गुन्हे किती टक्के, हे देशवार दाखवणाऱ्या माझ्या पहिल्या तक्त्यात अमेरिकेचा खांब छताला भिडला होता आणि पोर्तुगालचा जमिनीतून वरच आला नव्हता. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने विचारलं, "पोर्तुगालमध्ये कोणी गांजा ओढतच नाही का?" ओढतात की. पण 1 जुलै 2001 पासून तिथे दहा दिवस पुरेल एवढा माल स्वतःसाठी जवळ बाळगणं हा फौजदारी गुन्हा नाही. सापडलेल्या माणसाला कोर्टाऐवजी तीन जणांच्या समितीपुढे जावं लागतं. माझ्या शीटमधला तो रकाना रिकामा होता, खांब काढताना एक्सेलने तो शून्य धरला आणि मी तसाच छापायला निघालो होतो. असा रकाना दिसला की तो देश तक्त्यातून बाजूला काढा आणि खाली कारण लिहा.

सगळ्यात मोठा घोळ 'बाळगणे' या शब्दाचा. आपल्या एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणारी केंद्रीय संस्था) अहवालात एनडीपीएसच्या (अमली पदार्थांविरोधी कायदा) गुन्ह्यांचे दोन भाग असतात: वैयक्तिक सेवनासाठी बाळगणे आणि तस्करीसाठी बाळगणे. शब्द शोधून दोन्ही उचललेत तर भारताचा टक्का थेट शंभरावर जातो. तुलनेसाठी फक्त पहिला भाग घ्यायचा.

तोही सरळसोट नाही, कारण सेवन कुठे संपतं आणि धंदा कुठे सुरू होतो हे प्रत्येक देश आपापल्या तराजूवर ठरवतो. एखाद्याच्या खिशात वीस ग्रॅम गांजाची पुडी आहे असं धरा. भारतात एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाणात' मोडतो. शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (भांगेची पानं तर गांजाच्या व्याख्येतच बसत नाहीत, म्हणून होळीची थंडाई या हिशेबाबाहेर.) पोर्तुगालमध्ये मर्यादा पंचवीस ग्रॅम, म्हणजे समिती. जर्मनीत एप्रिल 2024 पासून प्रौढाने एवढा गांजा जवळ ठेवला तर काहीच नाही. सिंगापूरमध्ये मात्र पंधरा ग्रॅमच्या वर गेलात की कायदा तुम्हाला विक्रेता मानूनच चालतो. तसं नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. पुडी तीच, पण एका देशात ती 'बाळगणे'मध्ये मोजली जाते, दुसऱ्यात 'तस्करी'त आणि उरलेल्या दोघांत गुन्ह्यांमध्ये मोजलीच जात नाही. वजनाच्या मर्यादा शेजारी लिहिल्याशिवाय टक्के मांडू नका.

मोजायचं एककही तपासा. अमेरिकेचा बाळगण्याचा बहुतेक वेळा दिला जाणारा 2019 चा आकडा, 86.7 टक्के, हा एफबीआयने अंदाजलेल्या अमली पदार्थांच्या 15,58,862 अटकांपैकी आहे. आपल्याकडे एफआयआर मोजतात, आणि एका एफआयआरमध्ये चार आरोपी असू शकतात. शिवाय एकाच एफआयआरमध्ये अनेक कलमं लागली तर एनसीआरबी सगळ्यात गंभीर गुन्ह्याखालीच तिची नोंद धरते.

आता टक्क्याचा अर्थ. बाळगण्याचा टक्का वाढला म्हणजे व्यसन वाढलं, असा मथळा आठवड्यातून एकदा तरी माझ्यासमोर येतो. ओढणारा माणूस पोलिसांत तक्रार द्यायला जात नाही. पोलीस जिथे झडती घेतात तिथेच हा गुन्हा 'घडतो'. चिलीम ओढणारी दोन पोरं रात्री उचलायला गस्तीची एक गाडी पुरते; पुरवठादारापर्यंत पोचायला महिने लागतात. 2022 मध्ये महाराष्ट्रात एनडीपीएसचे साधारण 13,800 आणि पंजाबात 12,400 गुन्हे नोंदले गेले. एकूण आकडे जवळपास सारखे, पण महाराष्ट्रात त्यात सेवनाच्या केसेस बहुसंख्य, तर पंजाबात तस्करीच्या निम्म्याहून जास्त. यावरून पंजाबात नशा कमी आहे असं कोणी म्हणेल का?

उलटा सापळाही आहे. जर्मनीत कायदा बदलला त्या वर्षी अमली पदार्थांचे नोंदलेले गुन्हे सुमारे एक तृतीयांशाने घटले. गांजा जवळ ठेवण्याच्या केसेस गेल्या की भाजक लहान होतो आणि तस्करीचा वाटा बसल्या जागी फुगतो. टक्का अचानक उडी मारताना दिसला तर आधी मूळ संख्या उघडा. तस्करीचे गुन्हे तेवढेच किंवा कमी असतील, तर 'तस्करी वाढली' हा मथळा तिथेच खोडा.

स्वीडनसाठी एक तळटीप वेगळी ठेवा. तिथे 1988 पासून नुसतं सेवनही गुन्हा आहे आणि 1993 पासून संशयावरून रक्त-लघवी तपासता येते. म्हणजे खिशात काहीही न सापडता केस होते, आणि ती 'बाळगणे' या रकान्यात शोधून मिळणार नाही.