जमीन घेण्याआधी सातबारा कसा वाचावा

महाराष्ट्रात जमीन विकत घेताना विक्रेत्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये. महाभूमी संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा ताजा सातबारा स्वतः काढावा. नाव आणि क्षेत्र जुळले की काम झाले, असे अनेकांना वाटते, पण खरी मेख ‘इतर हक्क’ या रकान्यात असते: बँकेचा किंवा विकास सोसायटीचा कर्जाचा बोजा, कुळाचे (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचे) नाव, कधी बहिणींची नावेसुद्धा तिथेच सापडतात. त्यापुढे प्रत्येक फेरफाराचा (जमिनीच्या हक्कांत झालेल्या बदलाच्या नोंदीचा) उतारा मागवून ओळीओळीने वाचावा, कारण सातबारा ही महसुली नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. जमीन ‘भोगवटादार वर्ग २’ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी असेल, तर सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी हाती येईपर्यंत इसारसुद्धा देऊ नये, हे मी कळकळीने सांगतो. खरेदीखत सह्या झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत दुय्यम निबंधकाकडे नोंदणीसाठी सादर करावे.